राशीभोवतीची रेघ

माझ्या पदाचं नाव इतकं लांबलचक आहे की ते सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा संपतो. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नव्याने ऑर्डर निघते. काम थोडक्यात असं की जिल्ह्यात कुठे रस्ता, प्लॉटिंग, पवनचक्की किंवा सोलर येणार असेल तर त्या जमिनीवर आधीपासून कोण राहतं ते बघून यायचं. कोण म्हणजे माणसं नव्हेत. माणसांसाठी वेगळं टेबल आहे आणि त्या टेबलापाशी कायम गर्दी असते. माझ्या टेबलाशी कुणी येत नाही. कचेरीत मला ‘कोल्हेवाल्या मॅडम’ म्हणतात. सुरुवातीला मी चिडायचे. आता कुणी नुसतं मॅडम म्हटलं, तर दुसरं कुणी आलं की काय म्हणून मीच मागे वळून बघते.

चिडायचं म्हणाल तर मी लवकर चिडते, हे आधीच सांगून टाकते. आणि सगळ्यात जास्त चिडते ती ‘पडीक’ या शब्दावर. आमच्याकडे जिथे काही पेरत नाहीत ती जमीन पडीक. सातबाऱ्यावर पडीक, नकाशात पडीक, मीटिंगमध्ये पडीक. मुरमाड माळ, त्यावर गुडघाभर कुसळी गवत, मधूनच एखादी बोराटी, कडेने तरवड. गाडीतून बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. पण तासभर गप्प बसलात तर पायाजवळून चंडोल उडतो, ससा कान टवकारतो, आणि ऊन उतरल्यावर नशीब असेल तर खोकड दिसतं.

खोकड म्हणजे कोल्ह्याचं सडपातळ भाऊबंद. मांजरापेक्षा थोडं थोराड, अंगाला मुरमाचाच रंग आणि झुपकेदार शेपटीचं टोक काळं. त्याला झाडी नको असते. मोकळा माळ हवा, म्हणजे आमच्या सरकारी भाषेत पडीकच हवं. ते माळावर बीळ खणतं, एकाच बिळाला तीन-चार तोंडं ठेवतं, आणि कुणी त्रास दिला नाही तर वर्षानुवर्षं त्याच बिळात पिल्लं घालतं.

चौसाळ्याच्या बाजारातून आत वळलं की डोंगराच्या अंगाला एक लहानसं गाव लागतं. त्या गावच्या माळावर सोलर येणार होतं, म्हणून मी तिथे पहिल्यांदा गेले. फेब्रुवारी संपत आला होता आणि गाव रिकामं होतं. दिवाळी झाली की ते गाव कारखान्याकडे निघतं, ऊसतोडीला. मागे म्हातारी माणसं, आजीपाशी ठेवलेली शाळेतली थोडी लेकरं, शेळ्या आणि दारांना लटकलेली कुलपं राहतात. वाट विचारायला कुणी सापडेना, म्हणून मी अंदाजाने एका शेतातून तिरपी निघाले.

ज्वारीची मळणी नुकतीच उरकली होती. मळणी यंत्र निघून गेलेलं, ताडपत्रीवर दाण्यांची रास, आणि राशीपाशी सूप घेऊन बसलेली एक बाई. साठी उलटलेली, उंच, काळीसावळी. मी जवळ जाते न जाते तोच ती कडाडली.

“ये! रेघ वलांडू नको! चपला घालून कुठं चाललीस?”

माझा पाय हवेतच राहिला. खाली बघितलं तर राशीच्या भोवती जमिनीवर चुलीतल्या राखेची गोल रेघ ओढलेली होती.

“रास पोत्यात जाईस्तोवर रेघंच्या आत पाय टाकायचा नसतो माय. माणसानं बी न्हाई आन भुतानं बी न्हाई.”

“आणि शेळीनं?” मी विचारलं.

“शेळी तुज्यासारखीच हाय. तिला बी वाचता येत न्हाई.”

मला हसू आलं. चप्पल काढून मी रेघेच्या बाहेर उभी राहिले. तिने चौकशी केली, कोणत्या हापिसातली, काय काम. सांगितल्यावर तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कोल्ही बघायचा पगार देतेत तुला?”

“देतात. उशिरा देतात.”

“मग चल. मह्या घरामागंच हायत.”

तिला मी मावशी म्हणायला लागले, ती मला माय म्हणायचीच. खोकडांबद्दलची मावशींची माहिती निम्मीअधिक चुकीची होती. ती मोठी झाली की त्यांचे कोल्हे होतात असं त्या म्हणायच्या. त्यांना दूध आवडतं असं म्हणून बिळापाशी वाटी ठेवायच्या आणि दूध शेजारचं मांजर पिऊन जायचं. मी समजावून सांगितलं तर म्हणाल्या, “तू पुस्तकातलं बोलायलीस, मी डोळ्यांनी बघायले.” मीही नाद सोडला. पण पिल्लं मात्र खरोखर होती. संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून बसलो, आणि ऊन पिवळं झालं तशी बिळाच्या तोंडाशी दोन कान आले, मग आणखी दोन, मग आणखी दोन. तीन पिल्लं. एकमेकांच्या शेपट्या ओढत होती.

मावशींचा मुलगा, सून, नातवंडं सगळी कारखान्यावर. पूर्वी त्याही जायच्या, कंबर गेली तेव्हापासून राहिल्या. “लेकरं गेली की घर खायाला उठतंय माय,” त्या पिल्लांकडेच बघत म्हणाल्या. “ही हायत म्हणून सांजच्याला बसायला कारण हाय.” त्यांना या पिल्लांची नावं ठेवायचा मोह होत होता, पण नाव ठेवलं की दृष्ट लागते म्हणून ठेवत नव्हत्या. मी पुष्कळ माळ बघितले, पुष्कळ बिळं बघितली. पण कुणीतरी माझ्याइतकंच जीव लावून एका बिळाकडे बघतंय, असं क्वचितच बघितलं होतं. त्या संध्याकाळी मी फार खुशीत बीडला परतले.

मग मीटिंग झाली. माळाचा मोठा भाग भाडेपट्ट्याने देणारे, गावचे बडे बागायतदार आणि पुढारी, खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मॅडम, तुमचं कोल्हं मतदान करतंय का?” सगळे हसले. मी म्हटलं, “नाही ना, म्हणून तर त्याच्या दारात कुणी जात नाही.” त्यावर ते स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसले, आणि मला वाटतं त्या हसण्यामुळेच माझं काम झालं. कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे हे मी आधी विनवून, मग समजावून, मग आवाज चढवून सांगितलं होतंच. शेवटी ठरलं की पिल्लं मोठी होऊन बीळ सोडेपर्यंत बिळाभोवतीचा तुकडा तसाच ठेवायचा. साईटचा इंजिनीअर बाहेरगावचा, आमच्या उन्हाला वैतागलेला, पण सरळ माणूस होता. माझ्यासोबत माळावर आला, बीळ बघितलं, आणि मी बांबूच्या काठ्यांना लाल फडकी बांधून तुकडा आखला तेव्हा स्वतः काठ्या ठोकल्या.

मावशींना मी सांगितलं, “काठ्यांवर लक्ष ठेवा. पडल्या तर मला फोन करा.”

त्यांनी फोन केला. काठ्या पडल्या नव्हत्या, गेल्या होत्या. फडकी शेळ्यांनी चघळली आणि बांबू कुणाच्या तरी चुलीत गेले. “मह्या शेळ्या नव्हत्या,” त्या आधीच म्हणाल्या, त्यावरून कुणाच्या होत्या ते कळलं. मला तेव्हा साहेबांनी वृक्षलागवडीचे फोटो तपासायला बसवलं होतं, एकाच खड्ड्यापाशी वेगवेगळ्या गावांची माणसं रोप धरून उभी असल्याचे फोटो. मी म्हटलं, मावशी, हे उरकलं की नव्या काठ्या घेऊन येते. इंजिनीअरलाही फोन केला. तो म्हणाला, जागा माझ्या लक्षात आहे, निर्धास्त राहा.

“मी बघते तवर,” मावशी म्हणाल्या. “तू कावून घोर करायलीस?”

त्यांनी कसं बघितलं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. आधी त्यांनी बिळाभोवती राखेची रेघ ओढली, राशीभोवती ओढतात तशी. माळावरचा वारा ती संध्याकाळपर्यंत घेऊन गेला. मग त्यांना घरकुलाच्या वेळची उरलेली फक्की आठवली. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. आमच्याकडे घराचा पाया आखायचा असो, प्लॉट पाडायचे असोत, दोरी लावायची आणि फक्की टाकायची. मावशींचं घरकुल बांधताना मिस्त्री त्यांच्यावर ओरडला होता, मावशी, फक्कीवर पाय देऊ नका, शेळ्या आवरा. त्या बिचाऱ्याला आखणी पुसली जायला नको होती. मावशींनी त्यातून एवढंच घेतलं की पांढरी रेघ म्हणजे आत पाय टाकायचा नाही. राखेसारखीच, फक्त वाऱ्याने न उडणारी. त्यांनी पोतं काखेला मारलं आणि बिळाच्या सगळ्या तोंडांना घेऊन एक मोठा गोल काढला. तेवढ्यात तलवाड्याहून निरोप आला, तिथे दिलेली लेक बाळंत झाली. त्या निघाल्या. निघण्याआधी पुन्हा माळावर गेल्या आणि त्या गोलावरून आणखी एकदा हात फिरवला, आपण नसताना पुसला जाऊ नये म्हणून जाड.

मी नव्या काठ्या घेऊन पोचले तेव्हा दुपार कलली होती. लांबूनच दिसलं की मशीन बंद आहे. जेसीबी भर कामाच्या वेळी बंद उभा दिसला की आमच्या धंद्यात समजायचं, काहीतरी झालंय. मी गाडी तिथेच सोडली आणि धावत गेले.

मशीनवाला चाकाच्या सावलीत उकिडवा बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, गेवराईकडचा, आधी नदीच्या वाळूवर मशीन चालवायचा. त्याच्यापुढे त्याचा टॉवेल अंथरलेला होता आणि टॉवेलावर तिन्ही पिल्लं ओळीने ठेवली होती. त्यांच्या कानात, नाकात मुरूम गेला होता. त्याने बोटाने काढायचा प्रयत्न केलेला दिसत होता.

“फक्की व्हती मॅडम,” तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. “इंजिनीअर सायब बीडला गेलते. सांगून गेलते, फक्की दिसंल तितं काढ. ही गोल व्हती. मला वाटलं पाण्याच्या टाकीचा खड्डा आसंल. लई नीट वडली व्हती बगा रेघ. म्हणून मी बी नीटच काढलं. रेघंच्या भायेर बकेटीचा दात जाऊ दिला न्हाई.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. धावत येतानाच मी वाक्यं जुळवली होती. पण मी खड्ड्याकडे बघितलं आणि वाक्यं गेली. खड्डा खरोखर गोल होता, सुबक होता. त्याच्या काठाला पांढऱ्या रेघेचा एक तुकडा अजून शाबूत होता. दोरी लावून टाकलेली फक्की सरळ आणि एकसारखी पडते. ही हाताने सोडलेली होती. जिथे मूठ संपली तिथे बारीक झालेली, जिथे नवी मूठ घेतली तिथे ढीग झालेली. ही रेघ मी आधी बघितली होती, राखेची, ज्वारीच्या राशीभोवती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मी खाली बसले. साईटवर रडायचं नाही असं मी स्वतःला बजावून ठेवलेलं आहे, बाई माणूस रडली की पुढच्या मीटिंगला कुणी ऐकत नाही. त्या दिवशी मी मशीनच्या चाकाला धरून रडले. मशीनवाला म्हणाला, “मला सस्पेंड करा,” आणि मग त्यालाच आठवलं की तो कुठल्या नोकरीत नाही, रोजाने येतो. मी त्याला म्हटलं, तुमची चूक नाही. ते खरं होतं. कुणाचीच नव्हती. कुणाची तरी असती तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.

मादी लांब बोराटीच्या आडोशाला बसली होती. पळत नव्हती, जवळही येत नव्हती. आम्ही पिल्लं पुरली. खड्डा मशीनने काढायला तो तयार झाला नाही, फावड्याने काढला. टॉवेलासकट ठेवली.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी मी परत गेले. मशीनवाला आला होता, पण मशीनवर चढला नव्हता. आम्ही खड्ड्यापाशी उभे असताना रस्त्याच्या बाजूने मावशी आल्या. तलवाड्याहून थेट, हातात पिशवी, घरी न जाता. नातू झाला होता, चेहरा फुललेला होता. खड्डा बघितला आणि त्या थबकल्या.

“ह्ये काय? फक्की दिसली न्हाई का तुमाला?”

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मशीनवाला बोलला.

“दिसली ना मावशी. दिसली म्हणूनच थांबलतो. मंग ती निघून गेली, समदी लेकरं तोंडात धरधरून नेली तिनं. वढ्याकडं. तवा कुटं मोकळं झालं म्हणून काढलं.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. “व्हय का गं माय?”

मी म्हटलं, “हो मावशी.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडून ओढ्याच्या दिशेने कपाळाला लावले. “बग! मी म्हणलं नव्हतं? फक्की व्हती म्हणून येळ गावला तिला. मी जाताना मुद्दाम जाड टाकली.” मग पिशवी उघडून बाळाच्या आनंदाचे पेढे आम्हा दोघांच्या हातावर ठेवले. मशीनवाल्याने पेढा तोंडात टाकला. आणि तो पाणी प्यायच्या निमित्ताने मशीनमागे गेला. मी माझा रुमालात बांधून घरी आणला.

मी अहवाल लिहिला. घडलं तसं सगळं लिहिलं. त्याचं उत्तर यथावकाश आलं की नुकसानभरपाई म्हणून उरलेल्या माळावर झाडं लावण्यात येतील. खोकडाला झाडी नको असते हे मी पुन्हा एकदा लिहून पाठवलं, आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे. माळावर निळ्या काचा बसल्या, कुंपण झालं. बोराटीची ती जागा कुंपणाच्या आत गेली.

मावशी वर्षभर अधूनमधून फोन करायच्या. नातवाला दात आले, पाऊस झाला न्हाई, तूर गेली, आणि शेवटी दर वेळी, “वढ्याकडं गेलतीस का? हायत का ती?” मी म्हणायचे, खोकडं असतात मावशी, फिरतात. माझ्याच्याने त्याच्या पुढचं खोटं बोलवत नव्हतं, आणि खरंही.

पुढच्या फेब्रुवारीत सकाळीच त्यांचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मी कचेरीच्या जिन्यातच थांबले.

“माय, आली ती! वढ्याच्या अंगाला नवं बीळ काढलंय. लेकरं बी असतील आत, ती सारखी आत-भायेर करायली.”

ओढ्याच्या अंगाचा माळ म्हणजे सोलरचा दुसरा टप्पा. मशीन त्याच आठवड्यात येणार होतं. मी म्हटलं, मी आज येतेच, काठ्या, तार, सगळं घेऊन.

“काठ्या कशाला आणतीस? शेळ्या खातेत. तू काहीच करू नको आता. मी कालच फक्की टाकली. एका बिळाला न्हाई, समद्या माळावर जितं जितं बीळ दिसलं तितं टाकली. शेजारणीला बी सांगितलं. तिनं तिच्या बाजूनं टाकली. मागल्या टायमाला लेकरं वाचली म्हणल्यावर बाया लई हौसंनं आल्या.”

मी कुणाला न सांगता गाडी काढली.

माळाच्या कडेला गाडी थांबवली. जिकडे बघावं तिकडे पांढरे गोल. उंदराच्या बिळाला, सापाच्या वारुळाला, कुठे नुसत्याच खळग्याला. म्हाताऱ्या बायकांनी कंबर वाकवून, मुठीमुठीने घातलेले. पलीकडच्या रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, वा, आखणी पूर्ण झाली, उद्या कामाला लागायला हरकत नाही. मी तरवडीची फांदी मोडली आणि पहिल्यांदा खोकडाच्या बिळाभोवतीचा गोल झाडायला लागले. फक्की सहजी पुसली जात नाही. मावशींनी पुन्हा जाड टाकली होती.

“ये माय! काय करायलीस? पुसायलीस कावून?”

त्या घराकडून येत होत्या, कंबरेवर हात ठेवून, जमेल तितक्या लगबगीने. मी झाडत राहिले. त्यांनी येऊन माझ्या हातातली फांदी धरली.

मी वर्षभर विचार केला होता की हे कधी सांगावं लागलं तर कसं सांगायचं. काही उपयोग झाला नाही. मी सरळ सांगितलं. म्हटलं, मावशी, मशीनवाल्यांकडे पांढऱ्या रेघेचा अर्थ वेगळा असतो. ती दिसली की तिथे खणायचं असतं. मागच्या वर्षी त्याला तुमची रेघ दिसली आणि त्याने तिथेच खणलं. पिल्लं आतच होती.

फांदी त्यांच्याच हातात राहिली.

“तिन्ही?”

“तिन्ही.”

“आन आई?”

“ती बाहेर होती.”

त्या हळूच खाली बसल्या, रेघेच्या बाहेर. आताही बाहेरच. बिळाच्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मी जाड टाकली व्हती.” मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत असणार. त्यांनी ते ऐकलंच नाही. “मी घरी नव्हते, म्हणून जाड टाकली व्हती.”

मी त्यांच्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते असतं तर मला बरं वाटलं असतं.

“त्यो परका माणूस व्हता. तू बी तितंच उभी व्हतीस,” त्या म्हणाल्या. “मी तुला इचारलं. तू व्हय म्हणलीस. आन मी पेढा दिला तुला.”

मी मान हलवली.

मग त्या उठल्या आणि पुसायला लागल्या. फांदीने नाही, हातांनी. मुरूम ओरबाडून रेघेवर टाकायच्या आणि तळव्याने घासायच्या. शेजारीण आली, तिने विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, “काही न्हाई, चुकीचं पडलंय. पूस.” दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघी पुसत होतो. शेवटी त्यांचे तळवे चुन्याने भाजल्यासारखे लाल झाले, चिरले. मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातांवर ओतायला गेले. त्यांनी हात मागे घेतले.

या वेळी बीळ वाचलं. मी भोवती तार ओढून घेतली, पाटी लावली, आणि इंजिनीअर नवा होता, त्याला तिथे उभं करून मशीनवाल्यासमोर सगळं वदवून घेतलं. पिल्लं बाहेर आली. मी त्यांना लांबून, एकटीने बघितलं. मावशींना सांगायला घरी गेले तर म्हणाल्या, बरं झालं, आणि शेळ्यांना पाला टाकायला निघून गेल्या. घराच्या मागच्या भिंतीपाशी आता जळण रचलेलं होतं. तिथे बसायला जागा नव्हती.

काही आठवड्यांनी तारेची पाहणी करायला मी पुन्हा गेले. त्याच शेतातून गेले, पायवाटच ती झाली होती. ज्वारीची मळणी झालेली, ताडपत्रीवर रास, आणि राशीपाशी सूप घेऊन मावशी. मी लांबच थांबले, सवयीने चप्पल काढली, आणि पाय कुठपर्यंत टाकायचा ते बघायला खाली नजर टाकली. जमीन नुसतीच होती.

मला वाटलं राहून गेली असेल. “मावशी, रेघ?”

“न्हाई वडली.” सूप चालूच होतं.

“कावून?” ‘का’ म्हणायच्याऐवजी माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

त्यांनी कोंडा पाखडला, वाऱ्यावर जाऊ दिला, आणि दाणे राशीवर सोडले.

“कोण काय वाचील, काय सांगावं माय,” त्या म्हणाल्या. “ये. चपला असू दे पायात, चालतंय आता.”

मी चप्पल हातात धरून तिथेच उभी राहिले.